मिरजेच्या दर्ग्यातील बिनतिकिटाची मैफल

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अक्षी ओलांडली की आमचे नागाव लागते. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास नारळी-पोफळींच्या वाड्या, आणि मधून गेलेला अरुंद रस्ता. येथे गाणे म्हणजे बहुतेक करून देवळातले गाणे. सप्ताह बसला, कीर्तन उभे राहिले, भजनी मंडळींनी टाळ उचलले, की सभामंडपात सतरंजी पडावी आणि ज्याला जेथे जागा मिळेल तेथे त्याने बसावे, ही रीत. त्यामुळे ‘विनामूल्य जलसा’ हा शब्दप्रयोग मुंबईकर पाहुण्याच्या तोंडून ऐकला, म्हणजे आमच्या गावच्या वडीलधाऱ्या मंडळींना थोडे हसू येते. गाण्यालाही मूल्य आकारतात, ही गोष्टच मुळी त्यांना उशिरा कळलेली असते.

आज ज्या मैफलीविषयी मी आपणांशी बोलणार आहे ती मात्र नागावची नव्हे. येथून शंभर कोसांहून दूर, कृष्णाकाठच्या मुलखातल्या मिरज शहराची आहे. तिची आणि माझी ओळख झाली ती एका तंबोऱ्याच्या निमित्ताने. आमच्या ओटीच्या खुंटीला जो तंबोरा टांगलेला आहे तो मिरजेचा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात, पावसाळ्यात लाकूड ओल धरते आणि जवारी बसते. मग वाद्य गवसणीत घालून मिरजेचा रस्ता धरावा लागतो. अशाच एका फेरीत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस चालू होता, आणि वाद्य तयार होईपर्यंत मला दोन दिवस थांबणे भाग होते.

दर्ग्याच्या आवारात चिंचेचे झाड आहे. त्या झाडाखाली उरुसाच्या रात्री गाण्याची बैठक भरते. द्वारावर कोणी अडवीत नाही. पुढल्या रांगेत कोणी जाणता वृद्ध गायक बसलेला असतो, आणि त्याच्या मागे चादर चढवून आलेले एखादे शेतकरी कुटुंब, कडेवर झोपलेल्या मुलासकट. श्रोत्यांतील निम्म्या लोकांना समोर चाललेल्या रागाचे नाव ठाऊक नसते. उरलेल्यांपैकी कित्येक असे असतात की गायकाचा षड्ज केसभर हलला तर त्यांच्या कपाळावर आठी पडावी. असा मिश्र श्रोतृसमुदाय मी मुंबईच्या कोणत्याही नाट्यगृहात पाहिलेला नाही.

ही बैठक संगीतरत्न अब्दुल करीम खाँ ह्यांच्या स्मरणार्थ भरते. परंतु ती केवळ स्मारकसभा नव्हे, कारण तिचा आरंभ खाँसाहेबांच्या मृत्यूने झालेला नाही. ते हयात असताना स्वतःच दरवर्षी येथे गात असत.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तरेकडील कैराना ह्या गावी झाला. त्याच गावावरून त्यांच्या घराण्याला किराणा हे नाव पडले. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारी होते. तेथे सरदार माने ह्यांच्या कन्या ताराबाई ह्यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. दोघांनी बडोदे सोडले, मुंबई गाठली, आणि पुढे मिरज. मिरजेस आल्यावर खाँसाहेब दुखण्याने अंथरुणास खिळले, कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायनसेवा केली, आणि त्यांना आराम पडला, अशी हकीकत मिरजेत सांगतात. वैद्यकशास्त्र ह्यावर काय म्हणेल ते म्हणो. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की उत्तरेकडून आलेल्या, राजाश्रय गमावलेल्या एका गवयाने आपले गाणे कोणा संस्थानिकाच्या पायाशी न वाहता एका पीराच्या पायाशी वाहिले, आणि तो नेम त्याने जन्मभर पाळला.

येथे थोडे थांबून, गाणाऱ्याला पैसे कोणी द्यावयाचे, ह्या प्रश्नाकडे पाहिले पाहिजे. आमच्या शेजारच्या अक्षी गावी एक शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा त्याचा काळ विद्वानांनी वाचला आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. देवीच्या बोडणासाठी राजाच्या प्रधानाने धान्य नेमून दिल्याची नोंद त्यावर आहे. देवाच्या कार्याला राजाने नेमणूक करून द्यावी, तिच्यावर पुजारी, वाजंत्री, गुरव ह्यांचा चरितार्थ चालावा, आणि ऐकणाऱ्याने काहीच देऊ नये, ही व्यवस्था आपल्याकडे अशी शतकानुशतके चालत आली. दरबारी गवयाची गत ह्याहून निराळी नव्हती. त्याला वर्षासन होते, पागोटे होते, आणि मालकाची मर्जी सांभाळण्याची जोखीमही होती. दरबारात बसण्याचा ज्याला मान, त्यानेच ते गाणे ऐकावे. बाहेरच्याने भिंतीला कान लावावा.

पैसे घेऊन वाटेल त्याला ऐकविणे ही कल्पना युरोपातही फार जुनी नाही. लंडनमध्ये जॉन बॅनिस्टर नावाच्या व्हायोलिनवादकाने १६७२ साली आपल्या घरी शिलिंगभर दर ठेवून वादन सुरू केले, ते अशा जलशांपैकी पहिले समजतात. तोपर्यंत तेथेही राजवाडा आणि चर्च हीच दोन ठिकाणे होती. पुढे मोठमोठे वाद्यवृंद उभे राहिले, त्यांची तिकिटे महाग झाली, आणि मग ‘वर्षातून एक दिवस तरी सर्वांसाठी खुला ठेवा’ अशी हाक उठली. व्हिएन्नाचा जगप्रसिद्ध वाद्यवृंद २००४ सालापासून शोनब्रुन राजवाड्याच्या बागेत उन्हाळ्यातील एका रात्री फुकट वाजवितो, आणि हजारो लोक गवतावर बसून ऐकतात. तिकडे दार एकदा बंद झाले होते, ते पुन्हा उघडावे लागले. मिरजेच्या दर्ग्याला मुळात दारवान नव्हता.

आपल्याकडे तिकिटाचा मार्ग ज्यांनी धीटपणे चोखाळला त्यांत विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांचे नाव अग्रभागी येते, आणि योगायोग असा की त्यांचेही शिक्षण मिरजेतच झाले. त्यांचा जन्म कुरुंदवाडचा, आणि वर्ष तेच, १८७२. लहानपणी दारूकामाच्या अपघातात डोळे अधू झाले. पुढे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ह्यांच्यापाशी ग्वाल्हेरची गायकी त्यांनी घेतली. मिरजेतील एका समारंभाचे आमंत्रण शिष्याला आले, पण गवई म्हणजे नोकर ह्या समजुतीने गुरूला आले नाही, आणि तो अपमान विष्णु दिगंबरांच्या जिव्हारी लागला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. काठेवाडात तिकीट लावून जाहीर गायन केले. ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. त्यांचा हिशेब सरळ होता. राजाची मर्जी नको असेल तर सामान्य माणसाचे चार-आठ आणे हवेत. त्या चार-आठ आण्यांत गवयाची ताठ मान विकत मिळत होती. आज तिकिटाला जे नाके मुरडतात त्यांनी हे विसरू नये.

अब्दुल करीम खाँ हेही काही विरागी नव्हते. १९१३ साली त्यांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढले, विद्यार्थ्यांचा योगक्षेम चालविण्यासाठी गावोगाव जलसे केले, तबकड्यांसाठी गायले. ते पैसे घेत, आणि घ्यावयास हवेच होते. मात्र वर्षातून एकदा, चिंचेखाली, तो हिशेब बंद होत असे. दोघे समवयस्क, दोघांनाही दरबार मानवला नाही, एकाने दरबाराबाहेर शाळा आणि तिकीट ह्यांचा रस्ता काढला, दुसऱ्याने त्या रस्त्याने चालता चालताच आणखी एक पायवाट राखून ठेवली. विष्णु दिगंबरांचा अंतही २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेसच झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या गावाविषयी नवल वाटल्यावाचून राहत नाही.

हे गावच असे का झाले, ह्याची कारणे मात्र गूढ नाहीत. पुण्याहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे १८८७ च्या सुमारास, मिरजेवरून गेला. कोल्हापूरचा फाटा येथेच फुटतो. धारवाड, हुबळी, बेळगाव, पुणे, मुंबई, कोठेही निघालेला गवई मिरजेस गाडी बदलतो किंवा निदान चहा घेतो. पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती. डॉक्टर वानलेस ह्यांच्या मिशन रुग्णालयाची कीर्ती दूरवर होती. शाहू छत्रपतींनी तरुण नारायण राजहंसाला कानाच्या उपचारासाठी येथेच धाडले, आणि ते नारायणराव बालगंधर्व म्हणून किर्लोस्कर नाटक मंडळीच्या रंगभूमीवर प्रथम उभे राहिले तेही १९०५ साली मिरजेतच. शेजारी सांगलीस कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर बावीस श्रुतींचे गणित मांडीत बसले होते. त्यांना प्रत्यक्ष गळा हवा होता, तो अब्दुल करीम खाँ ह्यांनी दिला. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने त्या गणितावर पेटी तयार करविली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेत ह्या श्रुतिवादावरून पंडित भातखंडे आणि इतर मंडळींत पुष्कळ खडाजंगी झाली. तिच्या तपशिलात आज शिरावयाचे कारण नाही.

ह्या सर्वांहून अधिक जवळचे कारण म्हणजे मिरजेचे सतारमेकर. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी घासून धार लावणारे. मराठी राज्य गेले, तलवारींचे काम संपले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब नावाच्या कारागिराने वाद्यांच्या दुरुस्तीस हात घातला. आजचे सतारमेकर त्यांनाच आपल्या धंद्याचे मूळपुरुष मानतात. भोपळा येतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या रानांतून. तो महिनोन्महिने सुकवितात, मग कापतात. दांडीला तुणीचे लाकूड. नक्षी, रंग, खुंट्या हे सगळे होते. पण तंबोऱ्याचा प्राण असतो तो घोडीच्या पृष्ठभागात. तो पृष्ठभाग सपाट नसतो, अतिशय किंचित उतरता असतो. तार त्यावर लवताना त्याला ओझरती चाटत राहते, आणि एका स्वराच्या पोटातून अनेक स्वरांश उमलतात. तारेखाली रेशमाचा किंवा सुताचा दोरा सरकवून ती जागा नेमकी साधावयाची, ह्याला जवारी काढणे म्हणतात. चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनी १९२१ साली ह्याच घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार जेथे छेडावी तेथे ज्या अंशस्वरांचा निस्पंद-बिंदू पडतो ते अंशस्वर उमटू नयेत, असे पाश्चात्य नियम सांगतो. तंबोऱ्यात ते उमटतात, हे त्यांनी दाखवून दिले. मिरजेच्या कारागिराला हा नियम ठाऊक नव्हता, म्हणून त्याने तो निःशंकपणे मोडला!

खाँसाहेबांना वाद्यदुरुस्तीचा नाद होता. त्यांचे तंबोरे लागले की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू यावा, असा त्यांचा हट्ट. अशा गिऱ्हाइकामुळे कारागीर एक तर वैतागतो, नाही तर सुधारतो. मिरजेचे सुधारले. तेथील सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या कीर्तीत असल्या हट्टी गिऱ्हाइकांचा वाटा धरावयास हवा.

आता उरुसाच्या बैठकीकडे परत वळू. ज्या हातांनी भोपळा कोरला ते हात मुंबई-पुण्याच्या महागड्या नाट्यगृहात पुढल्या खुर्चीवर बसतीलच असे नाही. दर्ग्यात मात्र ते बसू शकतात. आपल्या दुकानातून गेलेले वाद्य खऱ्या गळ्याच्या मागे कसे बोलते हे ऐकावयाची संधी ज्या कारागिराला मिळते, त्याच्या पुढल्या वाद्यात फरक पडतो. फुकट गाण्याचा हा उपयोग हिशेबाच्या वहीत कोठेच लिहिता येत नाही.

तसाच दुसरा एक मान ह्या उरुसात आहे. दर्ग्यावर जी वस्त्रे वाहतात त्यांना गलेफ म्हणतात; त्यांपैकी पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. जातीच्या उतरंडीत ज्यांना गावाने शेवटची पायरी दिली, त्यांचा हात येथे सर्वांआधी लागतो, आणि मागून इतरांचे. मग त्याच आवारात रात्री ज्या गवयाचे स्मरण करावयाचे तो मुसलमान, त्याचे बहुतेक नामांकित शिष्य हिंदू, त्याची मुले आईकडील माने आडनावाने ओळखली गेलेली. ह्यांतील कोणतीही गोष्ट कोणी तत्त्वज्ञान म्हणून मांडली नव्हती. ती तशी घडत गेली.

२७ ऑक्टोबर १९३७. मद्रासकडील जलसे आटोपून खाँसाहेब पाँडिचेरीस निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडली म्हणून सिंगपेरुमल कोइल नावाच्या लहानशा स्थानकावर ते रात्री उतरले. फलाटावर अंथरूण घातले, प्रार्थना केली, आणि तेथेच त्यांनी देह ठेवला. शेवटचे स्वर त्यांनी दरबारी कानड्यात लावले, असे सांगतात. देह मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. ज्या जागी ते दरवर्षी गात, तेथून ही कबर चार पावलांवर आहे. तेव्हापासून उरुसातील गाणे ही त्यांच्या शिष्यपरंपरेची जबाबदारी झाली.

त्या परंपरेची नावे घेऊ लागलो तर रात्र पुरावयाची नाही. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, ज्यांनी १९७२ साली, म्हणजे गुरूच्या जन्मशताब्दीस, त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, बेहरेबुवा, रोशन आरा बेगम, ज्या फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्या. सवाई गंधर्वांच्या शिष्यशाखेतील गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी ह्यांनीही ह्या दर्ग्यात सेवा रुजू केली. भीमसेनांची तर गोष्टच निराळी. लहानपणी खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीची तबकडी दुकानात ऐकली, आणि असे गाणे शिकावयाचे म्हणून ह्या मुलाने घर सोडले. तबकडीवर साडेतीन मिनिटे ऐकलेल्या गवयाच्या कबरीसमोर बसून गावयाचे, हे भाग्य किती जणांच्या वाट्यास येते?

तथापि ह्या बैठकीच्या इतिहासातील मला सर्वांत विचार करावयास लावणारी व्यक्ती म्हणजे हिराबाई बडोदेकर. १९०५ साली मिरजेतच त्यांचा जन्म झाला. वडिलांनी नाव ठेविले चंपाकली. पुढे ताराबाई आणि खाँसाहेब विभक्त झाले. ताराबाई मुलांना घेऊन निघून गेल्या, आणि सुरेशबाबू, हिराबाई, सरस्वतीबाई ही भावंडे आईच्या छत्राखाली वाढली. हिराबाईंचे गाणे किराण्याचेच, पण त्याची मुख्य तालीम वडिलांची नव्हे, अब्दुल वहीद खाँ ह्यांची. घरंदाज बैठकीत स्त्रीने गाणे निषिद्ध समजत त्या काळात हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. असे करणारी पहिली स्त्री गायिका असा त्यांचा लौकिक आहे. म्हणजे ज्या बाईने तिकिटाच्या बळावर स्त्री-गायिकेला प्रतिष्ठेची खुर्ची मिळवून दिली, तीच बाई वर्षानुवर्षे ह्या दर्ग्यात येऊन, बिदागीविना, आपल्यापासून दुरावलेल्या पित्याच्या कबरीपाशी गात असे. ह्यात क्षमा होती, की हक्क होता, की केवळ स्वराचे ऋण होते, हे मी सांगू धजणार नाही. ज्यांनी ते गाणे ऐकले त्यांनी तरी विचारले असेल असे वाटत नाही.

१९४८ साली मिरज संस्थान विलीन झाले. संस्थानी आश्रयावर चाललेल्या कितीएक गोष्टी त्या एका वर्षात लोप पावल्या. ठिकठिकाणच्या दरबारी गवयांना आकाशवाणीच्या दारात उभे राहावे लागले. आकाशवाणीने त्यांना पुष्कळ अंशी सावरलेही, हे ह्या ठिकाणी बोलताना सांगणे अप्रस्तुत नाही. नभोवाणी हीही एका परीने बिनतिकिटाची मैफलच आहे. परंतु दर्ग्याची बैठक विलीनीकरणाने बंद पडली नाही, कारण ती संस्थानच्या अंदाजपत्रकात फारशी नव्हतीच. तिचे भांडवल म्हणजे गायकाचा नेम. सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले, आणि पुढच्याच वर्षी पुण्यास त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू झाला. तो आज देशातील सर्वांत मोठ्या संगीत-मेळ्यांपैकी एक आहे, आणि तिकिटावर चालतो. गुरूचे स्मरण शिष्यांनी गाऊन करावयाचे, ही कल्पना मिरजेहूनच पुण्याला गेली असावी, असे माझे मत आहे. मिरजेतल्या अंबाबाईच्या देवळातही नवरात्रात संगीतोत्सव होतो. दर्गा आणि देऊळ ह्यांत गाण्याची ही देवघेव गावाला नवीन वाटत नाही.

इतके सगळे गोड सांगून झाल्यावर दोन कडू गोष्टी सांगितल्या नाहीत तर चित्र खोटे ठरेल. पहिली पैशाची. ‘सेवा’ हा शब्द नामांकित गवयाच्या तोंडी शोभतो; त्याच्या उरलेल्या वर्षाच्या बिदागीत त्या एका रात्रीची भरपाई होऊन जाते. पण त्याच्या मागे तंबोरा धरणारा, तबल्यावर बसणारा, पेटीवाला, ह्यांची गोष्ट निराळी. त्यांचे पोट हातावरचे. त्यांच्याकडून सेवेची अपेक्षा करताना संयोजकांनी आणि आपण श्रोत्यांनीही गाडीभाडे, भोजन, चार रुपये ह्यांचा विचार करावा लागतो. फुकट ऐकणाऱ्याच्या वाटचे कोणी तरी भरीत असतेच. ते सर्वांत गरिबाने भरू नये, एवढे तरी पाहावयास हवे.

दुसरी अधिक दुःखाची. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवाच्या वेळी ह्याच मिरजेत हिंदू-मुसलमानांचा दंगा झाला, त्याचे लोण आजूबाजूच्या गावांत पसरले, आणि संचारबंदी पुकारावी लागली. ज्या गावात पहिला गलेफ चर्मकारांचा आणि गाणे सर्वांचे, त्या गावात हे घडले. चिंचेखालच्या बैठकीने ते टळले नाही. गाण्याने माणसे सुधारतात असे जे आपण सभांतून बोलतो, त्याची येथे परीक्षा झाली आणि ते वाक्य उत्तीर्ण झाले नाही. मात्र त्यानंतरही उरूस भरत राहिला, बैठक होत राहिली, आणि हिंदू गवई त्या कबरीपुढे माथा टेकवीत राहिले. ह्यापलीकडे त्या घटनेचा अर्थ लावण्याचा अधिकार मिरजकरांचा. बाहेरच्याने तो लावू नये.

कालमानाप्रमाणे बैठकीच्या रूपावरही दाब पडत आहे. २००० सालच्या ध्वनिनियमांनी रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांना आळा घातला, तो योग्यच. पण त्यामुळे महाराष्ट्रातील रात्रभराच्या मैफलींचे घड्याळच बदलले. मध्यरात्रीचा मालकंस आणि पहाटेचा ललत ह्यांना जाहीर व्यासपीठ उरले नाही. खाँसाहेबांच्या काळी ध्वनिक्षेपकच नव्हता. तंबोऱ्याची जोडी मागे घेऊन तो बारीक, टोकदार आवाज आवाराच्या शेवटच्या माणसापर्यंत जात असे, आणि त्या माणसाला तो ऐकावयाचा असेल तर त्याला गप्प बसावे लागत असे. मला कित्येकदा वाटते की एखाद्या वर्षी एखाद्या धीट गायकाने चिंचेखाली ध्वनिक्षेपक बंद करून बसावे. श्रोते थोडे पुढे सरकतील, इतकेच.

माझा तंबोरा तिसऱ्या दिवशी तयार झाला. कारागिराने घोडीवर कानस फिरवून, दोरा सरकवून, खर्ज छेडला, आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले. गंधार ऐकू येत होता. नागावास पोहोचेपर्यंत अर्थातच तारा उतरल्या, आणि समुद्राच्या वाऱ्याने आपले काम पुन्हा सुरू केले आहे; दोन-चार वर्षांत मिरजेची फेरी पुन्हा घडणार.

आपणांपैकी कोणास ती बैठक ऐकावयाची असेल तर तारखेची चौकशी करूनच निघावे. उरूस हिजरी पंचांगाने येतो, आणि ते वर्ष आपल्या इंग्रजी वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे तो दरसाल तितका अलीकडे सरकतो. गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबून गेलेला मनुष्य रिकामे आवार पाहून परततो. मिरज स्थानकापासून दर्गा फार दूर नाही, वाट कोणीही दाखवील. सोबत एक जाडशी चादर घ्यावी. जमीन रात्री गार पडते.